भोपळ्याचे कारभारी

अमेरिकेतल्या मराठी मंडळींत एक जमात फक्त ऑक्टोबरात ओळखू येते. बाकीचे अकरा महिने ही माणसं चारचौघांसारखी असतात. सोमवार ते शुक्रवार नोकरी, शनिवारी मुलांचं सॉकर, रविवारी इंडियन ग्रोसरीतून कोथिंबीर आणि संध्याकाळी घरी फोन. मग मेपलची पानं लालबुंद होतात, दुकानांच्या दारात नारिंगी भोपळ्यांचे ढीग लागतात आणि यांच्या अंगात येतं. चालता चालता थांबतात, एखादा भोपळा उचलतात, गोल फिरवून बघतात, बोटानं ठोकतात आणि 'हं' म्हणून परत ठेवतात. तो 'हं' ऐकला की घरातल्यांना कळतं, आता 31 तारखेपर्यंत जेवणाचं टेबल जेवायला मिळत नाही.

न्यू जर्सीत अशी माणसं आहेत, बे एरियात आहेत, डॅलसला आहेत. माझ्या माहितीतले गृहस्थ शिकागोजवळ नेपरविलला राहतात. त्यांना आमच्या गटात सगळे कारभारी म्हणतात. ही पदवी कुणी समारंभ करून दिलेली नाही. एकदा त्यांच्या घरी सगळे जमलेलो असताना कुणाच्या तरी पोरानं टेबलावरच्या भोपळ्याला नुसता हात लावला, आणि तीन आया एका सुरात ओरडल्या, "आधी काकांना विचार!" कारभार कुणाकडे आहे हे त्या दिवशी ठरून गेलं.

कारभारी मूळचे डोंबिवलीचे. सोसायटीच्या गणपतीचं मखर वर्षानुवर्षं त्यांच्याकडे असायचं. थर्माकोलच्या काळातली मखरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे दृश्य सांगायला नको. रात्रीचे दोन वाजलेले, जिन्याखाली लोंबता बल्ब, गरम तारेचा कटर, जमिनीवर पांढऱ्या गोळ्यांचा सडा, आणि मधोमध ओठात पेन्सिल धरलेला एक किडकिडीत तरुण. भोवती दहाजण. कुणी टाचण्या देतोय, कुणी चहा आणतोय, कुणी "मस्त झालंय रे" म्हणतोय. कटरला हात लावायची मुभा त्या दहांतल्या एकालाही नाही. महाराष्ट्रात 2018 साली थर्माकोलवर बंदी आली, पण त्याच्या कितीतरी आधी हा तरुण एच-वन व्हिसावर इकडे आला होता. बॅगेत प्रेशर कुकर होता, कालनिर्णय होतं, आणि बोटांतली खाज होती.

इथे ती खाज भागेना. गणपतीची सजावट मंडळाची कमिटी ठरवते. दिवाळीत अंगणात किल्ला करायला बसावं तर बोटं गारठतात. अशा रिकाम्या हातांना पहिल्याच ऑक्टोबरात भोपळा दिसला. वरून टणक, आतून मऊ. कोरता येतो, दारात मांडता येतो, आत दिवा लावता येतो, आणि गल्लीतला प्रत्येकजण थांबून बघतो. मखर, किल्ला आणि आकाशकंदील ही तिन्ही खाती एकाच फळात! कारभाऱ्यांनी तिन्हींचा चार्ज घेतला.

भोपळा दुकानातून आणणं त्यांना कमीपणाचं वाटतं. इलिनॉय हे अमेरिकेतलं सगळ्यात जास्त भोपळे पिकवणारं राज्य. इथे राहून दुकानातला भोपळा घेणं म्हणजे देवगडात राहून आंब्याचा डबा आणणं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दरवर्षी सगळी वरात एखाद्या शेतावर जाते. बाकीच्यांना शेताचं आकर्षण वेगळ्या कारणांसाठी आहे. मुलांना मक्याच्या शेतात कापलेला चक्रव्यूह हवा असतो, मोठ्यांना सफरचंदाच्या सायडरचे गरम डोनट. गवताच्या पेंढ्यांवर बसवून ट्रॅक्टर सगळ्यांना शेतात नेऊन सोडतो. तिथून पुढे मंडळी फोटो काढतात आणि कारभारी कामाला लागतात.

भोपळ्याची परीक्षा ते उपवर मुलीची पूर्वी लोक घ्यायचे त्याहून कडक घेतात. बूड सपाट हवं, नाहीतर पायरीवर डुगडुगतो. देठ हिरवट आणि टणक हवा. जमिनीला टेकलेल्या बाजूला पिवळा डाग असतो, तो मागच्या बाजूला गेला पाहिजे. शिरा फार खोल नकोत, चेहरा त्यावर बसत नाही. नखानं दाबून बघायचं, खाच पडली तर पुढे चला. आणि देठ धरून उचलायचा नाही, कधीही नाही. देठ तुटला की तिथूनच कुजायला सुरुवात होते. हे शेवटचं कलम ते आपल्या लोकांपुरतं ठेवत नाहीत. एका धिप्पाड अमेरिकन बाप्यानं देठाला धरून भोपळा खांद्यावर टाकला, तेव्हा पाच फूट पाच इंचांचे आमचे कारभारी त्याला आडवे गेले आणि "सर, नॉट बाय द स्टेम" असं इतक्या कळवळून म्हणाले की त्या माणसानं भोपळा तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेतला आणि माफी मागितली.

कारभाऱ्यांच्या आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या शांतपणे सगळं बघत होत्या. वजनकाट्यापाशी त्यांनी भाव विचारला, मनातल्या मनात पौंडांचे किलो आणि डॉलरचे रुपये केले, आणि मुलाला विचारलं,

"एवढ्याचं करणार काय?"

"कोरणार."

"मग?"

"दारात ठेवणार."

"आणि मग?"

"मग काय आई, टाकून देणार."

आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. गाडीत फक्त हीटरचा आवाज येत होता.

खरा खेळ सुरू होतो चित्र ठरवताना. सप्टेंबरातच 'भोपळा समिती' नावाचा व्हॉट्सअॅप गट जागा होतो. लोकशाही पद्धतीनं सूचना मागवल्या जातात. मुलांना माइनक्राफ्टमधला क्रीपर हवा असतो, कारण तो नुसत्या चौकोनांचा असतो आणि त्यांना स्वतःला कोरता येईल असं वाटतं. कुणाला मांजर हवं असतं, कुणाला वटवाघूळ. सगळी मतं पडली की कारभारी त्यांनी आधीच छापून ठेवलेलं चित्र पाठवतात आणि लिहितात, 'सर्वानुमते हे ठरतंय.' क्रीपरला त्यांचा तात्त्विक विरोध आहे. चौकोन कुणीही कापेल. छटा कुठे आहेत? साल नुसती सोलली की उजेड अंधूक येतो, अर्ध्या जाडीपर्यंत खरवडलं की नारिंगी येतो, आरपार गेलं की लख्ख. तीन छटा मिळत असताना एकीवर भागवणं त्यांना पटत नाही.

मध्ये एकदा त्यांनी गणपती सुचवला होता. आईंनी व्हिडिओ कॉलवरून हाणून पाडला. "भुताच्या जागी देव बसवणार? आणि खार येऊन सोंड खाऊन गेली तर प्रायश्चित्त कोण घेणार?" खारीचा मुद्दा बिनतोड होता, कारण नेपरविलच्या खारी कोरलेला भोपळा सोडत नाहीत. मग कारभाऱ्यांनी देशी भूत काढलं. भूतच हवं तर ड्रॅक्युला कशाला, आपला खवीस घेऊ! प्रस्ताव सगळ्यांनाच आवडला. पण खवीस दिसतो कसा, यावर गटात चार दिवस जी जुंपली ती मंडळाच्या निवडणुकीतही जुंपत नाही. सावंतवाडीच्या माणसानं सांगितलं की तुम्ही म्हणताय तो देवचार. नागपूरच्या बाईंनी मुंजाचा आग्रह धरला. पण मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला बटू, तो शेंडीवरून ओळखायचा, आणि शेंडी कोरायची तर ती नेमकी देठाशी येते. कुणी समंधाची बाजू घेतली, कुणी झोटिंगाची. पुण्याच्या एका सद्गृहस्थांनी भुतं नसतात असं लिहून गट सोडला. शेवटी कारभाऱ्यांनी स्वतःच्या कल्पनेतला खवीस काढला. मिशा, मुंडासं, सुळे आणि कपाळावर आठ्या. तो बराचसा त्यांच्या जुन्या मॅनेजरसारखा दिसत होता, असं वहिनींचं, म्हणजे कारभाऱ्यांच्या बायकोचं, मत.

कोरण्याचा दिवस म्हणजे हॅलोविनच्या आधीचा शनिवार. त्याच्या आधी कोरला तर 31 पर्यंत गालफडं बसतात. कापलेल्या भोपळ्याचं आयुष्य हवा गार असेल तर आठवडाभर, उबदार असेल तर त्याहून कमी. निमंत्रणात दुपारी दोनची वेळ असते आणि 'प्रत्येकानं आपापला भोपळा आणावा' अशी सूचना असते. नवीन माणूस या 'आपापला' शब्दानं फसतो. भोपळा आपला, हे खरं आहे. पुढचं सगळं कारभाऱ्यांचं.

बेसमेंटमध्ये ताडपत्री अंथरलेली असते. टेबलावर हत्यारं मांडलेली असतात ती खंडेनवमीलाही कुणी इतक्या भक्तीनं मांडत नाही. लाकडावर नक्षी कोरायच्या पटाशा, कुंभारकामातली तारेच्या फासाची खरवडणी, ड्रिल, मार्कर, टाचण्या, टॉर्च, आणि एका डब्यात व्हॅसलिन, कारण कापलेल्या कडांना ते चोळलं तर ओल टिकते आणि कडा लवकर सुकत नाहीत. दुकानात मिळणाऱ्या किटमधल्या प्लास्टिकच्या मुठीच्या चिमुकल्या करवती एका कोपऱ्यात पडलेल्या असतात. 'त्या मुलांसाठी' असं कारभारी म्हणतात. खरं तर त्याच सगळ्यात शहाण्या. स्वयंपाकाची मोठी सुरी ओल्या सालीवरून सटकते आणि थेट दुसऱ्या हातात जाते. हातांचे सर्जन दर ऑक्टोबरला हेच सांगून थकतात. बारीक दात्यांची करवत हळूहळू जाते, पण जिथे जायचं तिथेच जाते. तेवढं एक शहाणपण कारभाऱ्यांकडे आहे. कोरायला ते मोठी सुरी वापरत नाहीत. ती त्यांनी फक्त टोपण काढण्यासाठी ठेवली आहे, कारण तो क्षण नाट्यपूर्ण असायला हवा.

आणि खवीसाच्या त्या वर्षी तो नाट्यपूर्ण झालाच. कारभाऱ्यांच्या मोठ्या मुलीनं सुरी हातात घेतली होती. पंधरा वर्षांची, इथेच जन्मलेली. आई खुर्चीतून म्हणाल्या, "अख्खा भोपळा बाईमाणसानं फोडायचा नसतो. पहिला घाव पुरुषाचा."

"आजी, व्हाय?"

"नसतो फोडायचा."

मुलीनं बापाकडे पाहिलं. बाप पुरोगामी. घरात हळदीकुंकू बंद करायला निघालेला, मुलीची मुंज करावी का यावर लेख लिहिणारा. त्यानं चष्मा सावरला आणि अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "आपल्या परंपरेत काही गोष्टींमागे विचार असतो," आणि सुरी काढून घेतली. वर्षातून एकदा, एका भोपळ्यापुरते, कारभारी धर्मशास्त्र मानतात.

टोपण सरळ कापायचं नाही, सुरी तिरकी आत धरून कापायचं, म्हणजे ते आत पडत नाही. एका जागी खाच ठेवायची, म्हणजे पुन्हा नेमकं बसतं. हे सगळं समजावून होईपर्यंत पाहुण्यांचे चहा झालेले असतात. मग आतला बुळबुळीत गुंता बाहेर काढायचं काम निघतं आणि इथे कारभाऱ्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो. हे काम ते कुणालाही करू देतात. मुलं कोपरापर्यंत हात घालून धागे आणि बिया उपसतात, पहिली पाच मिनिटं किंचाळत, पुढची पाच हसत, आणि मग हळूच हात पुसून वरच्या मजल्यावर व्हिडिओ गेम खेळायला जातात. उरलेलं मोठ्यांच्या नशिबी. समोरची भिंत इंचभर जाडीची होईपर्यंत आतून खरवडायची. खरवडायला मोठे चमचे दिले जातात. कंपनीत दोन-दोनशे माणसं हाताखाली असलेले लोक त्या बेसमेंटमध्ये मांडी घालून भोपळा खरवडताना मी पाहिले आहेत. कारभारी मधूनमधून येऊन आत टॉर्च लावतात, बाहेरून बघतात आणि म्हणतात, "अजून."

खरवडणारा माणूस जागचा हलू शकत नाही. हे हेरून कारभारी नेमका तेव्हाच इतिहास काढतात. आयर्लंडातला जॅक हा महाकंजूष आणि महाबेरकी. त्यानं सैतानाला फसवून, माझा आत्मा नेणार नाहीस, असं वचन काढून घेतलं. मेल्यावर स्वर्गानं दार उघडलं नाही, आणि नरकात जावं तर सैतान वचनाला पक्का. वाट दिसावी म्हणून त्याला एक निखारा मिळाला. तो जॅकनं पोखरलेल्या सलगमात ठेवला आणि अजून तसाच फिरतोय. "म्हणजे त्रिशंकू," आई म्हणाल्या. "हो, पण कंदीलवाला," कारभारी म्हणाले.

आयर्लंडात खरोखरच सलगम कोरत. तिथे मेयो परगण्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलच्या अशा एका जुन्या कंदिलाची प्लास्टरची प्रतिकृती आहे. तिचा फोटो कारभारी फोनवर सगळ्यांना दाखवतात. सुरकुतलेला, दात विचकलेला, मेलेल्या माणसाचा वाटावा असा तो चेहरा पाहून एकदा एक चार वर्षांची मुलगी जी रडायला लागली ती थेट घरी गेल्यावर थांबली. एकोणिसाव्या शतकात, आणि बटाट्याच्या दुष्काळानंतर तर लाखोंनी, आयरिश लोक अमेरिकेत आले. इथे त्यांना आधीच पोकळ असलेला, डोक्याएवढा, मऊ गराचा भोपळा मिळाला. त्यांना काय वाटलं असेल हे समजावं म्हणून कारभाऱ्यांनी एका वर्षी पाहुण्यांना सलगम कोरायला दिले होते. दोन करवती मोडल्या आणि एक मैत्री.

कुणी मान वर करून "झालं का?" विचारलंच, तर न्यू हॅम्पशरमधल्या कीन गावाचा दाखला तयार असतो. तिथे 2013 साली 30,581 कोरलेले भोपळे एकाच वेळी पेटवून विक्रम केला होता. "तीस हजार! आणि आपल्याला सहा जड जातायत?" यावर कुणी, "तिथे प्रत्येकजण आपला आपण कोरत असेल," असं म्हटलं तर कारभाऱ्यांना ते ऐकू जात नाही.

मग एकदाचा तो क्षण येतो. कागद भोपळ्यावर चिकटवून टाचणीनं रेषा टोचलेल्या असतात. खोलीत शांतता. कारभारी ओठात पेन्सिल धरतात, करवत उचलतात. पाहुण्यांना मदत करायची परवानगी आहे. कुणी टॉर्च धरायचा, कुणी कापलेले तुकडे आतून ढकलायचे, आणि एकानं "मस्त झालंय रे" म्हणायचं. सातच्या सुमाराला खवीसाचा डावा सुळा तुटून आत पडला. सगळ्यांनी श्वास रोखला. कारभाऱ्यांनी तो उचलला, टूथपिक खोचून जागेवर बसवला, दोन पावलं मागं सरून पाहिलं आणि म्हणाले, "असाच हवा होता. म्हातारा खवीस आहे."

या सगळ्या वेळात वहिनी काय करत होत्या? छोले करत होत्या. बँड-एड शोधत होत्या. ताडपत्रीबाहेर गेलेल्या बिया पुसत होत्या. कुणाचं पोर जिन्यात झोपलंय ते बघत होत्या. त्या नवरा-बायकोत एरवी उत्तम चाललेलं असतं, विळ्या-भोपळ्याचं सख्य फक्त ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. निघालेल्या बिया धुऊन, कोरड्या करून, तेल-मीठ-तिखट लावून त्यांनी साडेतीनशे डिग्री फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये टाकल्या. त्या दिवशी बेसमेंटमधला एकही भोपळा पुरा झाला नव्हता तेव्हा बियांचं पातेलं रिकामं झालं होतं. माझ्या मते त्या संध्याकाळची सगळ्यात यशस्वी कलाकृती तीच. पण तिचे फोटो कुणी काढले नाहीत.

आईंच्या डोक्यात वाया जाणारा गर बसला होता. खरवडून निघालेला गर त्यांनी मुकाट्यानं पातेल्यात भरला, गूळ घालून शिजवायला ठेवला. घारगे करणार होत्या. मिश्रण आटेचना. कणीक घातली, तांदळाची पिठी घातली, परत कणीक घातली. तळून निघालेला पहिला घारगा तोंडात टाकून त्या म्हणाल्या, "पाणचट."

त्यात त्यांचा दोष नव्हता. कोरण्यासाठी इथे जो भोपळा मिळतो त्यातली नावाजलेली जात म्हणजे हाउडन. मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हाउडन या शेतकऱ्यानं ती 1960च्या दशकात निवडीतून तयार केली. रंग गडद, आकार देखणा, देठ भक्कम. चव हा विषय त्यात नव्हता. कारभाऱ्यांनी हे सगळं आईला समजावलं आणि वर जोडून दिलं की तुझा लाल भोपळासुद्धा मूळचा अमेरिका खंडातलाच. मेक्सिकोत दहा हजार वर्षांपूर्वी माणसानं भोपळे लावायला सुरुवात केली आणि कोलंबसानंतर केव्हातरी तो आपल्याकडे आला.

"आला असेल," आई म्हणाल्या. "आमच्याकडे येऊन सुधारला. इथे राहिला तो बिघडला."

यावर संदर्भ देण्यासारखं कारभाऱ्यांकडे काही नव्हतं.

घारग्यांचा प्रश्न सासू-सुनेनं परस्पर सोडवला. इलिनॉयमध्येच मॉर्टन नावाचं गाव आहे, ते स्वतःला जगाची भोपळा-राजधानी म्हणवून घेतं, कारण डबाबंद भोपळ्याचा मोठा कारखाना तिथे आहे. त्या डब्यात जो भोपळा जातो तो नारिंगी कोरायचा नव्हे, फिकट सालीचा, घट्ट गराचा. आपल्या लाल भोपळ्याच्या जवळचा. वहिनींनी कपाटातून दोन डबे काढले, आईंनी गूळ चिरला, आणि जेवणाच्या वेळी ताटात असे खुसखुशीत घारगे आले की कारभारी भारावून गेले. "बघितलंत? हा आपल्या खवीसाचा गर!" दोघी एकमेकींकडे बघून जेवायला बसल्या. डबे रिसायकलिंगच्या खोक्यात तळाशी गेले होते.

31 तारखेला सगळे भोपळे दारात मांडले. कारभाऱ्यांच्या शेजारी एक आयरिश वंशाचे निवृत्त आजोबा राहतात. त्यांनी त्याच दिवशी दुपारी पायरीवर बसून नातवाबरोबर भोपळा कोरला होता. दोन त्रिकोणी डोळे, एक त्रिकोणी नाक, वाकडं तोंड, मध्ये तीन दात. वेळ लागला असेल अर्धा तास, त्यातली वीस मिनिटं नातू कोरत होता. अंधार पडल्यावर तो भोपळा रस्त्याच्या त्या टोकापासून हसताना दिसत होता. कारभाऱ्यांचा खवीस तीन छटांत, मिशांच्या प्रत्येक केसासह, जवळ गेल्यावर अप्रतिम होता. रस्त्यावरून मात्र उजेडाचा एक गुंतागुंतीचा ठिपका दिसायचा. स्पायडरमॅन झालेला एक मुलगा चॉकलेट घेऊन जाता जाता थांबला, निरखून बघून म्हणाला, "कूल टर्टल!" कारभाऱ्यांनी त्याला खवीस म्हणजे काय ते सांगायला सुरुवात केली. मागे रांग वाढत गेली, आणि एक राजकन्या कंटाळून शेजारच्या दारात गेली.

2024 साली तर कारभाऱ्यांची कसोटी होती. आपल्या पंचांगाप्रमाणे नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, 31 ऑक्टोबरला. त्यात लक्ष्मीपूजन 31ला की 1 तारखेला यावर सगळ्या कुटुंबांच्या व्हॉट्सअॅपवर वेगळं युद्ध. त्या संध्याकाळी दारात आकाशकंदील होता, उंबऱ्यापाशी रांगोळी होती आणि पायरीवर खवीस. भोपळ्यातला बॅटरीचा दिवा ऐन वेळी विझला, तेव्हा आईंनी ओळीतली एक पणती उचलून आत ठेवली. टोपणाला आतून चटका बसून भाजक्या भोपळ्याचा वास दारभर पसरला. पहाटे कारीट फोडायला मिळालं नव्हतं, त्याची भरपाई झाली असं त्यांना वाटलं असावं. चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांनी एका सांगाड्याच्या वेषातल्या मुलाच्या पिशवीत चकली टाकली, आणि मागे उभ्या असलेल्या त्याच्या आईच्या चेहऱ्याकडे बघून वहिनींनी घाईघाईनं वर दोन बंद चॉकलेटं टाकली. घरी केलेला पदार्थ इथे कुणी मुलांना खाऊ देत नाही. आईंना हे अजून पटलेलं नाही.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. दोन दिवसांत खारींनी खवीसाच्या मिशा खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी तो आतल्या आत खचला आणि त्याच्यावर काळी बुरशी धरली. आमच्या परिसरात हॅलोविननंतरच्या शनिवारी भोपळे गोळा करून फोडण्याचा कार्यक्रम असतो. कचऱ्यात जाऊन मिथेन वायू होण्यापेक्षा त्यांचं खत व्हावं म्हणून. मुलं भोपळे उंचावरून टाकतात, फुटला की टाळ्या. कारभारी तिथे जात नाहीत. खवीसाला पोचवायला वहिनी मोठ्या मुलीला घेऊन गेल्या होत्या. मुलीनं तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि असा काही आपटला की आजूबाजूचे चार लोक मागे सरले. अख्खा नव्हता म्हणून चाललं, असं आजीनंही मान्य केलं.

यंदाच्या गटात कारभाऱ्यांनी आताच हाफ मून बेचा व्हिडिओ टाकला आहे. कॅलिफोर्नियातल्या या गावच्या स्पर्धेत 2023 साली 2,749 पौंडांचा, म्हणजे जवळपास साडेबाराशे किलोंचा भोपळा आला होता. खाली लिहिलंय, 'विचार करू या.' आईंनी डोंबिवलीहून विचारलंय, चवीला कसा असतो.

तुमच्या गावातही असा एखादा कारभारी असेल आणि त्याचं बोलावणं आलं तर जरूर जा. घारगे आणि बिया चुकवू नका. जाताना जुने कपडे घाला, घरातला सगळ्यात मोठा चमचा बरोबर न्या आणि टॉर्च चार्ज करून ठेवा. सुरी नेऊ नका. मिळणार नाही ती नाहीच.